‘आपलं नाही’ लिहिलेला कप्पा

आमच्या गावच्या वाचनालयाने आम्हा म्हाताऱ्यांना सांगितलं, की प्रत्येकाने गावातल्या एका माणसाबद्दल काहीतरी लिहून द्या. कुणी बँड शिकवणाऱ्या मास्तरांवर लिहिलं, कुणी पुराच्या वर्षी होडीतून फिरलेल्या डॉक्टरांवर. मी चार दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलो. मला लिहायची सवय नाही, वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा मी नुसती सही करतो. शेवटी माझ्या खिडकीतून ज्याचं घर दिसतं त्याच्याबद्दलच लिहावं असं ठरवलं. त्याने मोठं असं काही केलेलं नाही. वाणसामानाची कूपनं वापरायला शिकला, एवढंच. पण ती शिकला नसता तर आज त्या घरात दुसरंच कुणीतरी राहत असतं.

त्याचं नाव एल्डन क्रुपा. नदीकाठी फरशांचा कारखाना होता तिथे अडतीस वर्षं तपासनीस. भट्टीतून निघालेली प्रत्येक फरशी बोटाने ठोकायची आणि आवाजावरून आतली चीर ओळखायची, हे त्याचं काम. मी तिथेच खोकी बांधायचो. नोकरी सुटली तरी त्याची ठोकायची सवय सुटली नाही. कलिंगड ठोकतो, दार ठोकतो, नातवाचं डोकंही ठोकून बघतो आणि म्हणतो, “पक्कं भाजलंय.”

कूपनं हे त्याच्या बायकोचं, इर्माचं खातं. रविवारी चर्चमधून आल्यावर ती वर्तमानपत्राची रंगीत पुरवणी पसरून कात्री घेऊन बसायची. कॉफीवर चाळीस सेंट सूट, साबणावर पंचवीस सेंट सूट, असे चौकोन कापून एका पत्र्याच्या डब्यात लावायची.

“पंचवीस सेंटांसाठी अर्धा तास घालवतेस!” एल्डन म्हणायचा.

“तुझा अर्धा तास तेवढ्याला तरी कोण घेतं ते सांग,” ती म्हणायची.

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये इर्मा गेली. जूनपर्यंत एल्डनच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली होती. खिळ्याने पाडलेली, वाकडी. स्वयंपाकघरात तो ओट्यापाशी उभा राहून पातेल्यातूनच डब्यातलं सूप प्यायचा, ते मला माझ्या खिडकीतून दिसायचं. खिळे आणायला जावं तसा तो वाणसामानाच्या दुकानात जायचा. लागेल ते उचलायचं, सांगतील तो भाव द्यायचा आणि घरी यायचं. खाण्यासाठी बाजूला काढलेले पेन्शनचे पैसे वीस तारखेला संपायचे, पुढचे दहा दिवस पाव आणि सूप. जाऊन विचारावं असं मला रोज वाटायचं. पण विचारलं नाही. बहिणीकडे जेवायला जाताना त्याला हात मात्र करायचो.

जुलैत त्याची मुलगी जॉयलीन फीनिक्सहून आली. आल्या आल्या तिने फ्रिज उघडला.

“बाबा, आत दिवा आहे आणि अर्धा कांदा आहे.”

“कांदा कालच घेतला,” एल्डन म्हणाला.

मी तिथेच होतो, शिडी परत न्यायला गेलो होतो. उठून जावं की थांबावं ते मला कळेना.

“आमच्याकडे एक खोली रिकामी आहे,” जॉयलीन म्हणाली. “तुम्ही चला. हे घर काढून टाकू.”

“हे घर मी बांधलंय. न्हाणीघरातली एकेक फरशी मी ठोकून घेतलीय.”

“फरशा खाऊन जगणार का?”

मग तीच जरा नरमली. “बरं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही पाचही जण इथे येतो. स्वयंपाक तुम्ही करायचा, सामान तुम्ही आणायचं, ते तुमच्या महिन्याच्या पैशातच. उधार नाही, शेजाऱ्यांकडून डबा नाही.” हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. “फ्रिज भरलेला दिसला तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही दिसला, तर बॅग भरायची.”

“ठरलं,” एल्डन म्हणाला आणि टेबल ठोकलं.

ती गेली त्या संध्याकाळी तो इर्माचा डबा काखेत घेऊन माझ्या ओसरीवर आला. “वेंडल, हे वापरतात कसं?”

“मला काय विचारतोस? मी बहिणीकडे जेवतो.”

डब्यात इर्माच्या अक्षरातल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या होत्या. न्याहारी, डबाबंद, धुणं. सगळ्यात मागच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘आपलं नाही’. त्या कप्प्यात डायपर, मांजराचं खाणं, बाळाची पेज असली कूपनं होती. क्रुपांकडे मांजर नव्हतं आणि जॉयलीनला डायपर सोडून तीस वर्षं झाली होती.

“हे कशाला कापत असेल?” एल्डन म्हणाला.

गुरुवारी आम्ही चर्चच्या तळघरात गेलो. तिथे कूपनवाल्या बायका जमतात. त्यांच्या म्होरक्या फर्नबाई ओबरली. वय ऐंशी, गळ्यात दोरीला बांधलेली कात्री. दोन पुरुष आत आलेले पाहून सगळ्यांनी माना वळवल्या.

“नळ दुरुस्त करायचा तो वरच्या मजल्यावर आहे,” फर्नबाई म्हणाल्या.

“नळ नाही. मला शिकायचंय.” एल्डनने डबा पुढे केला.

फर्नबाईंनी डबा ओळखला. झाकणावरून हात फिरवला, मग नाक ओढून म्हणाल्या, “यातलं सगळं मेलंय, एल्डन. तारखा बघ. कूपन म्हणजे दूध समज. खुर्ची ओढ. आणि तुझा हा सावलीसारखा मित्र, त्यालाही बसव.”

एल्डनने पहिलं कूपन कापायला खिशातून पोलादी पट्टी आणि धारदार पातं काढलं. तुटक रेघेवर पट्टी ठेवली, एक डोळा मिटला आणि सरळ रेषेत कापलं. एका कूपनाला तीन मिनिटं.

“भिंतीवर लावणार आहेस का ते?” फर्नबाई म्हणाल्या. बायका इतक्या हसल्या की कॉफी सांडली.

त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. “कूपन आलं की लगेच दुकानात पळायचं नाही. त्या आठवड्यात भाव चढा असतो. त्याला पाकिटात झोपू दे. भाव उतरला की उठव. आणि जायचं मंगळवारी. मंगळवारी दुकान कूपनाचे पैसे दुप्पट धरतं.”

एल्डनने हे सगळं फरशांच्या जुन्या नोंदवहीत उतरवून घेतलं. मंगळवार या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या मंगळवारी त्याने काय करावं? मस्टर्डची, म्हणजे पावाला लावायच्या मोहरीच्या चटणीची, बाटली पन्नास सेंटांना होती. कूपन पंचवीस सेंटांचं. दुप्पट केलं की बाटली फुकट. हे गणित समजताच त्याच्या डोळ्यांत असं काही आलं जे मी अनेक महिन्यांत पाहिलं नव्हतं. आदल्या दोन दिवसांत त्याने आमच्या गल्लीतली रद्दी पालथी घातली होती. एका बाटलीला एक अशी अकरा कूपनं त्याच्याकडे होती. अकरा बाटल्या ओळीने काउंटरवर मांडल्या. पैसे घेणारी ट्विला एकेक पुढे सरकवत गेली, यंत्र वाजत गेलं आणि शेवटी तिला त्याच्याकडून काहीच घ्यायचं उरलं नाही.

“अकरा बाटल्या!” एल्डन गाडीत बसल्यावर म्हणाला. “फुकट, वेंडल!”

“लावणार कशाला?” मी विचारलं.

त्याने जरा विचार केला. “पाव आणायचा राहिला.”

त्या आठवड्यात त्याने मस्टर्डशी काय काय खाल्लं ते मी लिहीत नाही. गुरुवारी फर्नबाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं, “फुकट म्हणून घेतलंस ना? जे खाणार नाहीस ते फुकटातही महाग. सगळे नवशिके एकदा हे करतात. मी तेहतीस साबण आणले होते. माझं लग्न होऊन मुलं शाळेत गेली तरी पुरले.”

यानंतर मात्र तो सुधारला. भाव उतरला की घ्यायचं, लागेल तेवढंच घ्यायचं. तळघरात त्याने फळ्या ठोकल्या. डब्यांवर तारखा लिहिल्या, जुना डबा पुढे, नवा मागे. सप्टेंबरात त्याने बटाट्याचं सूप स्वतः केलं आणि मला बोलावलं. खारट होतं. मी दोनदा घेतलं. ऑक्टोबरात पट्ट्याचं एक भोक परत मागे आलं.

आणि रविवारी कापायला बसला की तो डायपरचंही कूपन कापायचा. मांजराच्या खाण्याचंही. पोलादी पट्टी लावून.

“हे का?” मी एकदा विचारलं.

“इर्मा कापायची,” तो म्हणाला आणि ते ‘आपलं नाही’च्या कप्प्यात ठेवलं.

आता चुकीकडे येतो. ती चूक माझी आहे. तारीख उलटून गेलेली कूपनं आमच्याकडे फेकत नाहीत. परदेशातल्या लष्करी तळांवर आपल्या सैनिकांची कुटुंबं राहतात, तिथल्या दुकानांत तारीख गेल्यावरही सहा महिने ती चालतात. म्हणून चर्चमध्ये एक खोकं ठेवलेलं असतं. मेलेली कूपनं त्यात टाकायची. महिन्यातून एका सोमवारी दुपारी फर्नबाई ते बांधतात आणि जर्मनीतल्या एका तळावर पाठवतात.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. त्या मंगळवारी भाव वर्षातले सगळ्यात खाली असतात, हे एल्डनने वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं. तीन महिने झोपवून ठेवलेली कूपनं त्याने सोमवारी डब्यातून काढली आणि एका पाकिटात भरली. मेलेली दुसऱ्या पाकिटात. दोन्ही पाकिटं खाकी, दोन्ही टेबलावर. मी त्याच्याकडे डोकावून चर्चकडे निघालो होतो.

“वेंडल!” तो तळघरातून ओरडला. “टेबलावरचं पाकीट खोक्यात टाक. फर्नबाई बाराला बांधतात!”

मी टेबलापाशी गेलो. एक पाकीट जाड, एक बारीक. कुठलं? मी मनात म्हटलं, इतक्या लवकर याच्याकडे चांगली कूपनं एवढी कुठून असणार, जाड पाकीट मेलेल्यांचंच. हाक मारून विचारावं असंही वाटलं. पण तो फळीवर काहीतरी ठोकत होता, आणि उगाच विचारलं तर मला एवढंही कळत नाही असं त्याला वाटेल, असं वाटलं. मी जाड पाकीट उचललं. फर्नबाईंनी ते खोक्यात टाकलं, माझ्यासमोर दोरी बांधली आणि पोस्टात देऊन आल्या.

मंगळवारी सकाळी आम्ही दुकानात गेलो. एल्डनने दाढी केली होती. इर्माचा डबा ट्रॉलीच्या वरच्या खणात, लहान मूल बसवतात तिथे. त्याने सणाला अख्खी भाजतात ती टर्की निवडली, चार टर्की ठोकून बघितल्यावर. रताळी, क्रॅनबेरी, भोपळ्याचा गर, लोणी, पीठ, मुलांसाठी न्याहारीच्या पोह्यांची खोकी. ट्रॉली काठोकाठ भरली. काउंटरवर त्याने खाकी पाकीट ट्विलाच्या हातात दिलं. लग्नात अंगठी द्यावी तसं.

ट्विलाने पहिलं काढलं. “एल्डन, हे ऑक्टोबरचं आहे.”

“चुकून आलं असेल. पुढचं घ्या.”

“हे सप्टेंबरचं.” तिने पत्त्यांसारखी पसरली. “हे ऑगस्टचं. अहो, ही सगळी गेलेली आहेत.”

त्याच्या लक्षात येण्याआधी माझ्या लक्षात आलं होतं.

“एल्डन,” मी म्हणालो, “मी जाड पाकीट टाकलं.”

तो माझ्याकडे वळला. “विचारलं का नाहीस?”

“तू तळघरात होतास.”

“अकरा पायऱ्या आहेत, वेंडल.”

मागे रांग लागलेली. मंगळवार, सगळ्यांच्या हातात पाकिटं आणि फायली. एल्डन टर्कीवर बोट ठोकत उभा राहिला, हळूहळू, चीर ऐकू आल्यासारखा. मग त्याने लोणी उचललं आणि परत ट्रॉलीत ठेवलं. मग पीठ ठेवलं. कूपनांशिवाय त्याच्या पैशात अर्धंच सामान बसत होतं, आणि पुढच्या बुधवारी जॉयलीन येणार होती. माझ्या खिशातले पैसे मी पुढे केले. त्याने मान हलवली. शब्द दिला होता, उधार नाही.

आमच्या मागे एक तरुण बाई होती, शॉना नावाची. तिच्या ट्रॉलीत जुळी बाळं आणि डायपरचा मोठा गठ्ठा. एका बाळाने हात घालून इर्माच्या डब्याचं झाकण उघडलं आणि हाताला आलं ते तोंडात घातलं.

“अगं बाई, सोड! आजोबा, माफ करा हं.” तिने कागद बाळाच्या तोंडातून काढला, पुसला आणि वाचला. “एक डॉलर? डायपरवर? आजोबा, हे तर चालू आहे!”

“आपलं नाही ते,” एल्डन म्हणाला. “म्हणजे माझं नाही. घ्या तुम्ही. अजून पाच आहेत.”

“सहा?” शॉनाचा आवाज चढला. “मग हे तुम्ही घ्या. दुकानाचं टर्कीचं कूपन. आम्ही सासूबाईंकडे जेवणार, मला टर्की काय करायची?”

एल्डन घ्यायला तयार नव्हता. तेवढ्यात रांगेच्या मागून फर्नबाईंचा आवाज आला. “घे, एल्डन! भीक नाही ती, अदलाबदल आहे. तुझ्याकडे आणखी काय आहे ते मोठ्याने वाच!”

एल्डनने घसा साफ केला. “मांजराचं खाणं. तीन.”

“मला!” मागून कुणीतरी ओरडलं. “क्रॅनबेरीची दोन देते!”

“बाळाची पेज. चार.”

“माझ्या सुनेला हवीत. लोण्याचं चालेल?”

“कुत्र्याची बिस्किटं.”

“पिठाचं घ्या, आणि वर कॉफीचं!”

कागद डोक्यांवरून इकडून तिकडे जायला लागले. अर्धे माझ्या हातातून जात होते, आणि कुणाचं कुणाला ते सांभाळताना मला लाजायलाही वेळ मिळाला नाही. दुकानाचा मॅनेजर धावत आला. “हे काय चाललंय?”

“बाजार,” फर्नबाई म्हणाल्या. “दुकानात तोच चालतो ना?”

ट्विलाने शांतपणे आपल्या काउंटरवरचा दिवा बंद केला. म्हणजे नवीन माणसाने या रांगेत येऊ नये. “एल्डन, मी थांबलेय,” ती म्हणाली, “पण माझी जेवणाची सुट्टी बाराला आहे.”

सगळं काही जमलं नाही. अक्रोड आणि फेटलेली साय परत ठेवावी लागली. बाकीचं बसलं, आणि त्याच्या हातात चार डॉलर उरले. ‘आपलं नाही’चा कप्पा पूर्ण रिकामा झाला होता. एल्डनने ती पुठ्ठ्याची चिठ्ठी सरळ केली, इर्माच्या अक्षरावर बोट टेकवलं आणि म्हणाला, “आता कळलं कशाला कापायची.” गाडीत तो माझ्याशी बोलला नाही. नदीवरच्या पुलाशी आल्यावर मात्र एकदम हसायला लागला. “डायपर देऊन टर्की!” असं म्हणत घरापर्यंत हसत आला.

थँक्सगिव्हिंगला मलाही बोलावलं होतं. डबा नेणं बंद होतं, म्हणून मी रिकाम्या हाताने गेलो. जॉयलीनने आल्या दिवशीच फ्रिज उघडून पाहिला होता आणि काही न बोलता लावला होता. टर्की एका बाजूने जरा जास्त भाजली, पण एल्डनने तिला लोणी आणि मस्टर्ड चोळलं होतं, आणि मुलांनी हाडंसुद्धा चोखली. जेवणानंतर जॉयलीन भोपळ्याची गोड पाई ठेवायला ताटली शोधत तळघरात गेली. बराच वेळ वर आली नाही. आम्ही दोघे मान खाली घालून बसलो. पायऱ्यांवर पावलं वाजली तेव्हा एल्डनचं बोट टेबलावर होतं, पण ठोकत नव्हतं.

ती दारात उभी राहिली. हातात मस्टर्डच्या दोन बाटल्या.

“बाबा, या मी घेऊन जाऊ? तुमच्याकडे सात आहेत.”

“आठ,” एल्डन म्हणाला. “एक मागे आहे.”

“त्या रिकाम्या खोलीत मग मी शिवणयंत्र ठेवते,” ती म्हणाली आणि बापाच्या डोक्यावर दोनदा ठोकलं. “पक्कं आहे अजून.”

फेब्रुवारीत चर्चच्या पत्त्यावर जर्मनीहून पत्र आलं. तळावरच्या एका सार्जंटच्या बायकोचं. फर्नबाईंनी ते गुरुवारी मोठ्याने वाचलं. तिने लिहिलं होतं, की तुमच्या खोक्यात एक जाड पाकीट होतं, त्यातली कूपनं तर अजून मेलेलीसुद्धा नव्हती, आणि इतकी सरळ कापलेली कूपनं आम्ही कधी पाहिली नाहीत. त्यांवर आम्ही नाताळला चौदा तरुण सैनिकांना जेवू घातलं, ज्यांना घरी जायची रजा मिळाली नव्हती. ज्यांनी कुणी हे मुद्दाम पाठवलं त्यांना आमचा नमस्कार.

“मुद्दाम!” फर्नबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या. एल्डनने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाला, “हो, आमच्या वेंडलचीच कल्पना.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॉफी आणायला उठलो ती बराच वेळ आणतच राहिलो.

पत्रासोबत भेट म्हणून तिने तिकडच्या वर्तमानपत्रातून कापलेलं एक कूपन पाठवलं होतं. जर्मन भाषेत. आमच्यातल्या कुणालाच वाचता येईना. मंगळवारी ट्विलाने हौसेने ते यंत्रावर धरून पाहिलं, यंत्र नाराज होऊन वाजलं. एल्डनने ते घरी नेलं, पोलादी पट्टीने त्याची वाकडी कड सरळ कापली आणि ‘आपलं नाही’च्या कप्प्यात ठेवलं. अजून तिथेच आहे. कुणीतरी मागेल असं तो म्हणतो.